थंडीत न हलता कसं बसायचं? मुंबईहून पहिल्यांदा हिमबिबट्या बघायला निघालेल्यांसाठी

दरवर्षी जानेवारी लागला की आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, दादा फेब्रुवारीत किब्बरला चाललोय, जॅकेट किती घेऊ? मी उलट विचारतो, तिथे चालणार किती आणि बसणार किती? कारण किब्बर हे हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं गाव, आणि स्पिती म्हटलं की लोकांच्या डोक्यात ट्रेक येतो आणि ते ट्रेकचीच खरेदी करतात. हिमबिबट्या बघायला गेलेला माणूस दिवसातला तासभर चालतो आणि उरलेले सहा-सात तास एका कड्यावर स्कोप, म्हणजे तिवईवरची मोठी दुर्बीण, लावून समोरच्या डोंगरावरचे दगड बघत बसतो. उणे दहात चालणं जमतं हो, मुंबईच्या माणसालाही जमतं, पण उणे दहात बसणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि ती शिकावी लागते.

ही विद्या मुळात शिकाऱ्यांची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते उत्तमच झालं, आता आपण कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन जातो, पण शरीराचा प्रश्न तोच आहे, आवाज न करता, न हलता, थंडीत तासन्तास एका जागी बसायचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत नोव्हेंबरमध्ये हरणांची शिकार कायदेशीर आहे, तिथली माणसं अंधारात जंगलात जातात आणि झाडाला बांधलेल्या छोट्याशा बाकड्यावर अर्धा दिवस बसतात. त्यांच्यातले जाणते लोक जाताना अंगावर पातळ कपडे घालतात, जाड कोट बॅगेला बांधून नेतात, जागेवर पोचले की पाच-दहा मिनिटं थांबून घाम सुकू देतात आणि मगच कोट चढवतात. या लेखात मला सांगायचंय ते बहुतेक सगळं यातच आलं, बाकीचे सगळे तपशील याच एका गोष्टीभोवती फिरतात.

असं का, ते आधी समजून घ्या

नुसतं बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तेच शरीर पाठीवर बॅग घेऊन चढ चढायला लागलं की ४००-५०० वॉटपर्यंत जातं. म्हणजे चढताना तुमच्या आत चार-पाच बल्ब लागलेत आणि वर पोचून बसलात की एकच उरतो. जे कपडे एका बल्बला पुरतात त्यांच्यात पाच बल्ब लावले तर घामच फुटणार, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे घामेजलेला बनियन घालून बसलात तर वर दहा हजारांचं जॅकेट असून उपयोग नाही.

मुंबईच्या माणसाला हे खरं तर पाठ असायला हवं. ऑक्टोबरमध्ये लोकलमधून घामाने निथळत दादरला उतरायचं, जिना चढायचा, तसंच एसी ऑफिसात शिरायचं, पाच मिनिटांत पाठीला जो गारठा लागतो ना, तो आठवा. ऑफिसात एसी २४ वर असतो. किब्बरला सकाळी उणे १५ असतं, कधी त्याहूनही खाली.

पहिलं काम: आपली थंडी कुठली ते ठरवा

सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चं, म्हणजे आपल्या शहराची सगळ्यात भयंकर थंडी ही ताडोबातल्या जानेवारीच्या एखाद्या साध्या पहाटेएवढी. त्यामुळे आपल्याकडे थंडीचा अंदाजच नसतो, यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते मान्य करून तयारी करायची.

ताडोबा-पेंचच्या पहाटेच्या सफारीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, की उघड्या जिप्सीत थंडीपेक्षा वारा जास्त मारतो. बाहेर ८ अंश असेल आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली असेल तर तोंडाला ते ४ अंशांसारखं लागतं. कान्हाला तर जानेवारीत मैदानातल्या गवतावर दव गोठून पांढरं झालेलं दिसतं. आणि गाडीतून उतरायला परवानगी नसते, म्हणजे पाय गार पडले तर चार पावलं चालून ते गरम करायची सोयच नाही. तिथे एक वारा अडवणारं जॅकेट, त्याच्या आत फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापडाचं जॅकेट), कानटोपी, मफलर, हातमोजे आणि मांडीवर जाड ब्लँकेट एवढं पुरतं, नऊ-साडेनऊला ऊन वर आलं की सगळं काढावंच लागतं.

किब्बर म्हणजे साधारण ४,२०० मीटर उंची. उणे १० मध्ये ताशी ३० चा वारा सुटला की अंगाला ते उणे २० सारखं लागतं, आणि कड्यावर वारा असतोच. पुढचं सगळं मी किब्बर डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कमी थंडीसाठी त्यातलं गाळत जा.

जाण्याबद्दल दोनच ओळी. हिवाळ्यात मनालीकडून येणाऱ्या वाटेवरची कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे शिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा असंच जायचं आणि हे सावकाश करायचं. आपण समुद्रसपाटीची माणसं, वाटेत दोन-तीन मुक्काम करत चढलो तर शरीर सवय करून घेतं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर त्याला थंडी समजून जास्त कपडे घालत बसू नका, तो उंचीचा त्रास असू शकतो, अजून वर जायचं नाही आणि वाढला तर खाली उतरायचं. गोळ्या घ्यायच्या का हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

दुसरं: कॉटन घरी ठेवा

अंगाला चिकटणारा पहिला थर कॉटनचा नको. आपण मुंबईत कॉटनवर जगतो कारण ते घाम पिऊन ओलं राहतं आणि गार वाटतं, नेमकं तेच तिथे नकोय. गंजी, अंडरवेअर, मोजे, सगळं यात आलं. आत पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, घट्ट पण रक्त अडवणारं नाही असं. त्यावर फ्लीस किंवा घरचा लोकरीचा स्वेटर, आईने किंवा आत्याने विणलेला असेल तर तो काढा कपाटातून, खऱ्या लोकरीचा असेल तर तो कुठल्याही महागड्या फ्लीसच्या तोडीचा आहे. त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. आणि हे सगळं झाल्यावर बॅगेत एक मोठं, फुगीर, पिसांचं किंवा सिंथेटिक भरावाचं जॅकेट, ते इतकं मोठं हवं की बाकी सगळ्याच्या वरून चढेल. दुकानात लोक ते टीशर्टवर घालून बघतात, छान बसतं म्हणून घेतात आणि तिथे आतल्या थरांवर ते चढतच नाही, किंवा चढलं तर भराव दाबला जातो. भराव फुगलेला असतो म्हणून त्यात हवा अडकते आणि ती हवाच ऊब देते, दाबलेलं जॅकेट म्हणजे नुसतं कापड.

लोकरीवर माझा विश्वास बसला तो धनगरांच्या घोंगडीमुळे. माझ्या आजोळी साताऱ्याकडे पावसाळ्यात मेंढरांमागे असलेला माणूस घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन बांधावर तासन्तास बसलेला मी लहानपणापासून बघितलाय. दख्खनी मेंढीची खरखरीत लोकर आणि वर चिंचोक्याची खळ, त्यामुळे घोंगडी कडक असते, वारा आत शिरत नाही, आणि भिजली तरी अंगाला ऊब राहते. मेरिनोचं थर्मल काय करतं हे दुकानदाराने मला पत्रकावरून समजावलं तेव्हा मला तो बांधावरचा माणूस आठवला. घोंगडी तिकडे नेऊ नका, वजन फार आहे, पण तिच्यात जे आहे तेच आपण शोधतोय.

पिसांच्या जॅकेटचं एक दुखणं, ते ओलं झालं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. बर्फ पडत असेल तर वरून पाणी अडवणारं काहीतरी हवं. बजेट कमी असेल तर सिंथेटिक भरावाचं घ्या, जड असतं पण दमट झालं तरी काम देतं. मोठं जॅकेट ग्रुपमधल्या कुणाकडून उसनं मिळत असेल तर बिनधास्त घ्या, वर्षातून एकदा लागणारी वस्तू आहे. थर्मल आणि मोजे मात्र स्वतःचे आणि चांगले.

पँटकडे सगळेच दुर्लक्ष करतात. वर पाच थर आणि खाली जीन्स, असं मी दरवर्षी बघतो. जीन्स म्हणजे जाड कॉटनच. खाली थर्मल, त्यावर फ्लीसची किंवा ट्रेकची पँट, त्यावर वारा अडवणारी सैल पँट, तीही अशी की बूट न काढता चढवता येईल, म्हणजे पोटऱ्यांपर्यंत बाजूने चेन असलेली.

पाय, इथे जास्त वेळ द्या

माझी पहिली खेप. चिचमच्या पुलाच्या अलीकडे एका कड्यावर आम्ही सकाळी सातपासून बसलो होतो. मी नवेकोरे बूट घेतलेले, आपल्या नेहमीच्या मापाचे, त्यात थंडी जास्त म्हणून मोज्यांचे दोन जोड कोंबलेले आणि बर्फ आत जाऊ नये म्हणून लेस करकचून आवळलेली. नऊपर्यंत बोटं दुखत होती, साडेनऊला दुखायची थांबली, मला वाटलं आता सवय झाली. आमच्याबरोबरच्या गावातल्या स्पॉटरने, म्हणजे बिबट्या शोधून दाखवणाऱ्या माणसाने, मी पाय आपटत नाहीये हे बघितलं, स्कोप सोडून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, सरजी, उंगली हिलती है? मी हलवून बघितली, कळेच ना हलतायत की नाही. त्याने तिथेच बसून माझी लेस सोडली, बूट काढले, वरचा मोज्यांचा जोड काढून टाकला, स्वतःच्या जॅकेटची चेन उघडून माझा पाय आत पोटाशी धरला. दहा मिनिटं. माणूस मला आदल्या दिवशी भेटलेला. मग ज्या कळा आल्या त्या मी विसरणार नाही, पण बोटं गुलाबी झाली आणि शाबूत राहिली.

तेव्हापासून मी जे करतो ते असं. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, आणि दुकानात जाताना तिथे घालणार तेच जाड लोकरीचे मोजे बरोबर न्यायचे, शक्यतो संध्याकाळी जायचं कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून बूट चढवल्यावर आत बोटं मोकळी हलली पाहिजेत, पियानो वाजवल्यासारखी. जाड मोज्यांचा एकच जोड, फार तर आत एक अगदी पातळ. घट्ट बुटात दुसरा जोड घातला की रक्तच खाली पोचत नाही, आणि पाय गरम ठेवणारी गोष्ट रक्त आहे, मोजा फक्त ती ऊब धरून ठेवतो. चढताना लेस नीट बांधा, बसल्यावर सैल करा.

पोचल्यावर मोजे बदला. हे ऐकायला भयंकर वाटतं, उणे दहात बूट काढायचे? हो, काढायचे, एका वेळी एकच पाय, कोरडा मोजा आधी जॅकेटच्या आत छातीशी गरम करून ठेवलेला, तीस सेकंदांचं काम आहे. चालताना पायाला घाम येतोच, अगदी तिथेही, आणि तो ओला मोजा घालून बसणं म्हणजे पाण्यात पाय सोडून बसणं.

बुटांखाली काहीतरी हवं. बर्फ आणि दगड तळव्यातून ऊब शोषत राहतात, म्हणून पायाखाली फोमचा तुकडा ठेवा, त्यावर पाय. एवढ्याशा गोष्टीने फरक पडतो, करून बघा.

बुडाखाली योगा मॅट

घरात जुनी योगा मॅट पडलेली असेलच, किंवा लहान मुलांच्या खोलीत जोडायच्या रंगीत फोमच्या लाद्या असतात त्या. कटरने दोन चौकोन कापा, साधारण चाळीस बाय चाळीस सेंटिमीटर, एक बसायला एक पायाखाली. पातळ असेल तर दोन थर चिकटवा. या फोममध्ये बंद बुडबुडे असतात, त्यात पाणी शिरत नाही आणि वजनाने ते पूर्ण दबत नाहीत. सीट असलेलं छोटं घडीचं स्टूलही चालतं पण त्याच्या कापडाखालून वारा लागतो, त्यामुळे त्यावरही हा चौकोन ठेवा. सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त वस्तू ही, आणि मला एकच वस्तू न्यायला सांगितली तर मोठ्या जॅकेटनंतर मी हीच नेईन.

हात आणि कॅमेरा

दोन हातमोजे लागतात, आत पातळ लायनर ज्यातून कॅमेऱ्याची बटणं कळतात, आणि वर जाड, चार बोटं एकत्र राहतात असे मिटन. बोटं एकमेकांना ऊब देतात म्हणून पाच बोटांच्या जाड मोज्यांपेक्षा मिटन कधीही गरम. मिटनला नाडी लावून गळ्यात किंवा मनगटात अडकवा, लहान मुलांचे असतात तसे, कारण बिबट्या दिसला की तुम्ही ते काढून फेकणार आणि वारा ते दरीत नेणार. उघड्या बोटांनी ट्रायपॉडच्या धातूला हात लावू नका, ट्रायपॉडच्या पायांना वरच्या बाजूला सायकलच्या हँडलची फोमची ग्रिप किंवा टेप गुंडाळून ठेवा.

हॅण्ड वॉर्मरच्या पुड्या मिळतात, त्यात लोखंडाचा भुगा असतो आणि तो हवेतल्या ऑक्सिजनने गंजताना गरम होतो. म्हणून त्या घट्ट बुटात कोंबल्या की थंड पडतात, हवाच मिळत नाही. किब्बरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो, त्यामुळे तिथे त्या इथल्यापेक्षा मंद चालतात. पुडी फोडून आधी दहा-पंधरा मिनिटं खिशात हलवत ठेवा आणि मग मिटनमध्ये घ्या. उघड्या कातडीला थेट चिकटवायची नाही, बधिर झालेल्या बोटांना तर अजिबात नाही, भाजलेलं कळत नाही.

बोटं गार पडलीच तर कड्याच्या मागे जा, जिथून समोरच्या डोंगराला तुम्ही दिसणार नाही, आणि हात खांद्यापासून पूर्ण गोल जोरात फिरवा, वीस-तीस वेळा. रक्त बोटांच्या टोकापर्यंत फेकलं जातं. बसल्या जागी करायचं असेल तर बोटं आवळा-सोडा, मांड्या आवळा-सोडा, पायाची बोटं बुटात मुडपा, दर दहा मिनिटांनी.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात, तीन-चार घ्या आणि अंगातल्या खिशात ठेवा, कॅमेऱ्यात लागेल तेव्हाच घाला. संपलेली वाटणारी बॅटरी छातीशी गरम केली की पुन्हा थोडी चालते. फोनही आतल्या खिशात. आणि संध्याकाळी गरम खोलीत शिरायच्या आधी, बाहेरच, कॅमेरा झिपलॉकच्या मोठ्या पिशवीत घालून बंद करा, नाहीतर लेन्सवर दव जमतं, आपल्याकडे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं, आणि ते आतही जातं. खोलीत पिशवी तास-दोन तास तशीच राहू द्या.

आता सकाळचा क्रम

निघताना दारातच थोडी थंडी वाजली पाहिजे. सगळ्यात अवघड गोष्ट हीच, कारण खोलीबाहेर उणे १५ आहे आणि हात आपोआप मोठ्या जॅकेटकडे जातो. ते बॅगेत ठेवा. थर्मल, फ्लीस, वाऱ्याचं जॅकेट, एवढ्यावर निघा, पाच-सात मिनिटांत गरम व्हायला लागतं. डोक्यात किंवा पाठीवर घामाची चाहूल लागली की थांबा, टोपी काढा, गळ्याची चेन उघडा, चाल कमी करा. स्पॉटर पुढे जातोय म्हणून धावू नका, त्याला सांगा, भैया धीरे, तो थांबतो.

जागेवर पोचलात की लगेच बसू नका. वाऱ्याच्या आड उभे राहा, श्वास खाली येऊ द्या, अंग किंचित सुकू द्या. मग मोजे बदला, आतलं थर्मल ओलं असेल तर तेही बदला, दुसरं बॅगेत असलंच पाहिजे. आणि मग थंडी वाजायच्या आत मोठं जॅकेट आणि वरची पँट चढवा. हुडहुडी भरेपर्यंत वाट बघितली तर तुमच्याकडे अडवून ठेवायला ऊबच उरलेली नसते, जॅकेट स्वतः काही गरम करत नाही. कानटोपी, त्यावर हुड, गळ्याला मफलर किंवा बफ (गळ्यात घालायची कापडी नळी), नाकावर घ्यायचा पण तोंडाची वाफ त्यात जमून गोठते म्हणून जास्तीचा एक ठेवा. डोळ्यांना गॉगल, बर्फावरचं ऊन डोळे जाळतं.

परत उतरताना उलटं, मोठं जॅकेट काढून निघायचं.

खाणं, पिणं

शरीर जाळायला काहीतरी लागतं. दर तासाला थोडं थोडं खा, डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-शेंगदाणे, सुकं खोबरं आणि खजूर, आपल्याकडचं हिवाळ्याचं खाणं जसंच्या तसं चालतं, चॉकलेटपेक्षा बरं, ते तिकडे दगड होतं. चिक्की छोट्या तुकड्यांत मोडून न्या, मिटन घालून मोडता येत नाही. रात्री थुक्पा मिळतो, लोणी-मिठाचा चहा मिळतो, पहिल्या घोटाला विचित्र लागतो पण प्या, त्यात चरबी आहे.

पाणी कमी पिऊ नका. थंडीत तहान कळत नाही आणि लघवी मात्र जास्त होते, मग लोक, खास करून बायका, बाहेर जायला नको म्हणून पाणीच टाळतात आणि दुपारी डोकं धरून बसतात. स्पॉटरला पहिल्याच दिवशी आडोशाची जागा विचारून घ्या, संकोच करू नका, त्यांना सवय असते. तिथे पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहा मुळातच इथल्याइतका कडकडीत नसतो, थर्मास भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं गरम करा, ते ओतून द्या आणि मग चहा भरा. साधी बाटली बॅगेत उलटी ठेवा, बर्फ वरून धरायला लागतो, मग बूच गोठत नाही.

दारूने गरम वाटतं कारण कातडीकडे रक्त धावतं, आणि तिथून ऊब बाहेर जाते. सिगरेट, तंबाखूने उलट बोटांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दोन्ही मुंबईत ठेवून या.

रात्र

स्पितीतल्या घरांत मधल्या खोलीत पत्र्याची शेगडी असते, धुराचा पाइप छतातून बाहेर काढलेला, तिला तंदूर म्हणतात. ओले मोजे, बुटांच्या आतल्या गाद्या काढून तिथे वाळत घाला, जवळ पण टेकवून नाही, सिंथेटिक वितळतं. निजायच्या खोलीत मात्र कोळशाची शेगडी किंवा घमेलं घेऊन दार बंद करून झोपू नका, कुणी प्रेमाने आणून दिलं तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. त्यापेक्षा घरातली रबराची गरम पाण्याची पिशवी मुंबईहून घेऊन जा, झोपायच्या आधी स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. उद्याचं थर्मल आणि बॅटऱ्याही आतच घेऊन झोपा.

हे दिसलं की बिबट्या सोडा

जोडीने बसा आणि एकमेकांचे चेहरे बघत राहा. नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी पांढरट दिसायला लागली तर स्वतःला कळत नाही, दुसऱ्याला दिसतं. गरम तळहात ठेवा, बोटं काखेत घ्या, चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका, आतलं मांस दुखावतं. बधिर भाग मेणासारखा कडक लागत असेल तर खाली घेऊन जा, कोमट म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरून गरम करा आणि डॉक्टरांकडे न्या. वाटेत तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मध्येच गरम करू नका, एकदा सुटून परत गोठला तर नुकसान जास्त.

दुसरं म्हणजे आतलं तापमान ३५ च्या खाली जाणं. माणूस हुडहुडतो, हातातून वस्तू पडतात, बोलताना जीभ जड होते, चिडतो किंवा एकदम गप्प होतो, मी ठीक आहे म्हणतो. अशा माणसाचं ऐकू नका. आणि थरथर आपोआप थांबली आणि तो गुंगीत जायला लागला तर ती सुधारणा समजू नका, शरीराची ताकद संपली आहे. वाऱ्यातून हलवा, ओले कपडे काढा, कोरडं घाला, दोन माणसांनी स्लीपिंग बॅगमध्ये चिकटून बसा, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या, आणि खाली उतरवा. अभयारण्यात शेकोटी पेटवता येत नाही, त्यामुळे जी ऊब आहे ती आपल्याकडेच आहे.

जायच्या आधी तालीम

एकदम किब्बरला हे सगळं पहिल्यांदा बॅगेतून काढू नका. मिटन घालून घरात कॅमेरा सुरू करा, फोकस पॉइंट बदला, बॅटरी बदला, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. डिसेंबरअखेर महाबळेश्वरला वेण्णा तलावावर पहाटे पाचला जा, तिथे थंडी पडली की दव गोठतं, आणि तासभर न हलता बसून बघा, घड्याळ लावून. वाटेत मुद्दाम भरभर चालत जा आणि कुठे घाम येतो ते बघा, मला पाठीच्या मध्यावर येतो, बॅगेखाली, म्हणून मी आता चालताना बॅग मधूनमधून एका खांद्यावर घेतो. ते जमत नसेल तर भांडुप पंपिंगला जानेवारीतल्या पहाटे बसा, थंडी विशेष नाही पण दोन तास न हलता बसणं किती अवघड आहे ते तरी कळतं, पायाला मुंग्या कधी येतात, पाठ कधी बोलते.

आणि फोमचे ते दोन चौकोन बॅगेच्या बाहेर पट्ट्यात अडकवा, आत नको. आत टाकले की तळाशी जातात, वर पोचल्यावर समोर भरलांचा, म्हणजे तिकडच्या रानमेंढ्यांचा, कळप दिसतो, स्पॉटर हाताने खाली बसा म्हणतो, आणि तुम्ही आहे तसे दगडावर बसता, ते अकरा वाजेपर्यंत तिथेच.